ग्वाल्हेरच्या बंदिशींचा डेटाबेस: सर्व्हर उभा राहिला

मागच्या नोंदीपर्यंत टेबलांचा आराखडा कागदावरच होता. आता मायएसक्यूएल ८.४ हा डेटाबेस सर्व्हर घरच्या जुन्या डेस्कटॉपवर चालू झालाय आणि आत्याच्या वह्यांमधल्या बंदिशी त्यात जायला लागल्यात. आत्या ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयात शिकली. १९१८ साली भातखंड्यांच्या प्रयत्नांतून सुरू झालेलं तेच ते. त्यामुळे वह्याही भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत आहेत.

उबुंटू या लिनक्सच्या रेपॉझिटरीतून (तयार प्रोग्रॅमच्या साठ्यातून) एका कमांडवर सर्व्हर बसतो, तरी मी आधीच कंपाइल केलेली टार फाइल (सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) घेतली. रेपॉझिटरीतून बसवलं की प्रोग्रॅम एकीकडे, सेटिंग दुसरीकडे, लॉग तिसरीकडे. टार उलगडली की सगळं एका फोल्डरात समोर येतं. सर्व्हर ज्याला मुळापासून समजून घ्यायचाय त्याने एकदा तरी याच वाटेने जावं, असं माझं ठाम मत आहे.

डाउनलोड करताना फाइलच्या नावातला जीलिबसीचा, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचा, आकडा बघा: २.१७ किंवा २.२८. आपल्या मशीनवरचा आकडा तेवढा किंवा त्याहून मोठा हवा. उबुंटू २४.०४ वर तो २.३९ आहे, म्हणजे काळजी नाही. अडतं ते लिबएआयओपाशी, म्हणजे डिस्कवरच्या वाचन-लेखनाच्या लायब्ररीपाशी. सर्व्हर 'लिबएआयओ डॉट एसओ डॉट १' या नावाची लायब्ररी शोधतो, आणि २४.०४ मध्ये त्याच फाइलच्या नावाला शेवटी 'टी६४' चिकटलंय. पॅकेज बसवलेलं असूनही लायब्ररी सापडत नाही अशी तक्रार येते. जुन्या नावाची एक सिम्बॉलिक लिंक (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) करून दिली की काम होतं.

पुढचं सरळ आहे. लॉगिन करता येणार नाही असा 'मायएसक्यूएल' नावाचा युजर बनवायचा, फोल्डर यूएसआर-लोकलमध्ये ठेवायचा आणि व्हर्जनच्या लांबलचक नावाकडे जाणारी 'मायएसक्यूएल' ही आखूड लिंक करायची. उद्या नवी आवृत्ती आली की शेजारी उलगडायची आणि फक्त लिंक फिरवायची. मात्र डेटा त्या फोल्डरात ठेवू नका. सेटिंगच्या फाइलमध्ये डेटाची जागा बाहेर दाखवा, नाहीतर लिंक फिरवली की डेटा जुन्या घरातच राहतो. शिवाय ८.० चा डेटा एकदा ८.४ ने उघडला की ८.० तो परत उघडत नाही, म्हणून लिंक फिरवण्याआधी बॅकअप हवाच.

इनिशियलाइज केल्यावर, म्हणजे डेटाची रिकामी जागा तयार करून घेतल्यावर, रूटचा (मुख्य युजरचा) तात्पुरता पासवर्ड एरर लॉगमध्ये येतो. तो लिहून घ्या. पहिल्या लॉगिनला तो बदलल्याशिवाय सर्व्हर दुसरं काही करू देत नाही.

परवा नोंदी भरत असतानाच ग्वाल्हेरच्या लश्कर भागात लाइट गेली. लाइट आल्यावर लॉग उघडून बसलो: इनोडीबीने (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) क्रॅश रिकव्हरी सुरू केल्याची ओळ दिसली, रिडो लॉगमधून (बदलांची आधीच करून ठेवलेली नोंद) अर्धवट काम मार्गी लागलं, आणि कमिट झालेली, म्हणजे पक्की नोंदलेली, एकही बंदिश गेली नाही. दर कमिटला लॉग डिस्कवर उतरवायचं डीफॉल्ट सेटिंग वेगासाठी बदलायचा मोह होतो. मी ते तसंच ठेवलंय.

खरा पेच अकारविल्हे यादीचा. गुरूंची आडनावं लावून आत्याला दाखवली, तर ती लगेच म्हणाली, "अरे, काळे काशीकरांच्या आधी कसे आले?" बरोबर आहे तिचं. युनिकोडच्या मूळ क्रमात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. क्ष तर क च्या पोटातच शिरतो, कारण तो क, हलन्त आणि ष असाच साठवलेला असतो. मायएसक्यूएलमध्ये स्वीडिशपासून जपानीपर्यंत कितीतरी भाषांची कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) आहेत, मराठीचं नाही.

म्हणून आडनावाच्या शेजारी क्रमासाठी एक वेगळा कॉलम टाकतोय आणि तो ट्रिगरने (नोंद भरताच आपोआप चालणाऱ्या कोडने) भरून घेणार आहे. ळ ला ह च्या पुढे, क्ष आणि ज्ञ ला त्याच्याही पुढे नेणारं फंक्शन लिहायला घेतलंय. आधी आडनावं, मग रागांची नावं, मग बंदिशींच्या पहिल्या ओळी.