तुम्ही विचारलंत म्हणून : एवढा सुंदर अल्बम पडला कसा?

इंग्लंडच्या द झॉम्बीज या बँडचा ‘ओडेसी अँड ऑरॅकल’ कुणालाही ऐकवला की प्रश्न येतोच : एवढं चांगलं होतं, तर तेव्हा चाललं का नाही?

लोकांना तो आवडला नाही, असं मला वाटत नाही. तो लोकांपर्यंत पोचलाच नाही.

१९६७च्या उन्हाळ्यात लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू झालं. बीटल्सचा मेलोट्रॉन (टेपवर ध्वनिमुद्रित केलेले बासरी-व्हायोलिनसारखे सूर वाजवणारं पेटीसारखं वाद्य) तिथेच पडून होता, तो यांनी मनसोक्त वाजवला. बजेट हजार पौंडांच्या आसपास. स्टिरिओ मिक्सची वेळ आली तेव्हा पैसे संपले होते. रॉड अर्जेंट आणि ख्रिस व्हाइट या गीतकार जोडीने ते स्वतःच्या खिशातून घातले.

अल्बमआधी ‘केअर ऑफ सेल ४४’ सिंगल, म्हणजे सुटं गाणं, म्हणून काढलं. तुरुंगातून सुटणाऱ्या प्रेयसीला लिहिलेलं पत्र, आणि चाल मात्र दिवाळीला माहेरवाशीण यावी तशी आनंदी! ते साफ पडलं. डिसेंबरात बँड मोडला. एप्रिल १९६८मध्ये अल्बम दुकानात आला, तेव्हा त्यातली गाणी गावोगाव वाजवायला कुणी उरलंच नव्हतं. गायक कॉलिन ब्लन्स्टोन विमा कंपनीत नोकरीला लागले.

अमेरिकेत तो निघाला तो संगीतकार अल कूपर यांनी कोलंबिया कंपनीकडे आग्रह धरला म्हणून. तिथेही आधी निवडलं पहिल्या महायुद्धावरचं ‘बुचर्स टेल’. थोर गाणं आहे, पण रेडिओवर ते चालणार कसं? मग ‘टाइम ऑफ द सीझन’ आलं आणि १९६९मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. बास गिटार, एक टाळी, लगेच सोडलेला श्वास. एवढ्यावर ते गाणं अंगात भिनतं. बँड नव्हताच, तर त्याच नावाने भलतेच लोक अमेरिकेत कार्यक्रम करत फिरले. याचा मला आजही राग येतो.

हा अल्बम सायकेडेलिक, म्हणजे नशेची धुंदी सुरांत आणणाऱ्या संगीतातला. सायकेडेलिक म्हटलं की कर्कश गिटार, लांबलचक उत्स्फूर्त वादन असंच डोळ्यांपुढे येतं. इथली नशा गळ्यांत आहे. ‘चेंजेस’ ऐका : मेलोट्रॉनची बासरी, आणि एकावर एक चढत जाणारे आवाज. माझ्या मते त्या काळातल्या कितीतरी गाजलेल्या अल्बमपेक्षा हा जास्त टिकला, तो या गळ्यांमुळे.

अख्खा अल्बम त्यांनी रंगमंचावर वाजवला तो थेट २००८मध्ये, लंडनला. ऐकणार असाल तर ‘टाइम ऑफ द सीझन’वर उडी मारू नका, ते सगळ्यात शेवटी आहे आणि तिथेच ते शोभतं.