पाचोळ्याची बेगमी

सोमवार

रंगपंचमी झाली. मुलाच्या कानामागचा रंग अजून निघालेला नाही आणि सोसायटीच्या मागच्या अंगाला पाचोळ्याचा खच पडलाय. पिंपळ जवळजवळ बोडका झालाय. जंगली बदामाची तांबडी पानं थेट पार्किंगमध्ये शिरतात, आणि कडुलिंबाचा तर सडाच. सकाळी खाली गेले तर वॉचमनमामा काडेपेटी हातात घेऊनच उभे.

"मामा, पेटवू नका. मला हवाय तो."

"सगळा?"

"सगळा."

मामा काही बोलले नाहीत, पण काडेपेटी खिशात टाकताना त्यांनी जो सुस्कारा सोडला त्यात सगळं आलं. दर फाल्गुनात आमचा हा संवाद होतो. त्यांना पेटवून मोकळं व्हायचं असतं आणि मला आषाढाची काळजी असते.

काळजी अशी, की घरच्या कचऱ्याचं खत करणाऱ्यांची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा यांत पाणी आणि नत्र भरपूर. त्यांना जोड लागते ती कर्बाची, म्हणजे सुक्या पानांची. पानांमुळे ढिगात हवा खेळती राहते, जिवाणू नीट काम करतात, वास येत नाही. एक डबा ओला तर दोन डबे सुका, असा माझा अंदाजपंचे हिशोब. पण जुलैत सुकं पान आणायचं कुठून? झाडं हिरवीगार, खाली पडलेलं सगळं भिजून चिखल. स्वयंपाकघरातला ओला कचरा मात्र रोजच्या रोज येतच असतो. मग ड्रममध्ये नुसता लगदा साचतो, हवा कोंडते, घाण सुटते, अळ्या होतात. तिसऱ्या मजल्यावरून तक्रार येते आणि ड्रम गच्चीच्या कोपऱ्यात उलटा पडतो. असे उलटे ड्रम नाशकात किती गच्च्यांवर सापडतील!

5 जूनला पर्यावरण दिनी खताच्या बादल्या वाटतात, भाषणं होतात. हौस चांगली आहे, मुहूर्त चुकीचा आहे. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत पाऊस येतो आणि नवशिक्याच्या हाती ओल्या लगद्याशिवाय काही लागत नाही. बादली वाटायची तर होळीला वाटा, सोबत एक रिकामी गोणी द्या.

गोणीवरून आठवलं. आपल्याकडे गोण्यांची काय कमी! कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या याला उत्तम. हवा आरपार जाते, त्यामुळे आत उरलेली ओलही वाळून जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली तर पानांना घाम फुटतो आणि बुरशी धरते. कडुलिंबाचा चुरा जाळीतून गळतो, म्हणून तो सिमेंटच्या धुतलेल्या गोणीत, आणि तोंड थोडं उघडं ठेवायचं. वड, आंबा, फणस यांची पानं चिवट, कुजायला फार वेळ घेतात. ती आधी गोणीसकट पायाखाली तुडवायची. हे काम मुलं आनंदानं करतात. त्या दंग्यात पानांचा पार भुगा होतो आणि एका गोणीत दोन गोण्यांचा माल बसतो. गोण्या जिन्याखाली रचल्या आहेत. सेक्रेटरीकाका बघून गेले. "हे सगळं किती दिवस?" म्हणाले. "दसऱ्यापर्यंत," म्हटलं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती असं मी धरलंय.

बुधवार

ऑफिसला सुट्टी टाकली होती, म्हणून आईंना घेऊन गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात गेले. आई म्हणजे सासूबाई, माहेर निफाड तालुक्यातलं. कांद्याच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा.

ढिगाजवळ बसून त्यांनी एक कांदा उचलला, अंगठ्यानं मान दाबली आणि परत टाकला. "मान ओली आहे. हा महिनाभरसुद्धा टिकायचा नाही."

"पण रंग किती छान आहे, आई."

"रंग काय चाटायचाय? मान बघ आधी."

मान बारीक हवी, वाळून मिटलेली हवी, वरचं साल कागदासारखं वाजलं पाहिजे. लाल कांदा ठेवणीचा नाहीच, तो आणायचा आणि संपवायचा. ठेवायचा तो उन्हाळ कांदा, आणि तोही आवक सुरू झाल्या झाल्या घ्यायचा नाही. चैत्र लागू द्यायचा, शेतातच नीट वाळू द्यायचा. कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, कांदा टिकतो तो खालून-वरून वारा मिळतो म्हणून. आमच्या फ्लॅटमध्ये चाळ कुठली, पण पलंगाखाली बांबूच्या जुन्या तट्ट्यावर एकेरी थर पसरला की गणपतीपर्यंत निभावतं. बटाटे त्यांच्याशेजारी ठेवायचे नाहीत, आणि एखादा मऊ पडला तर त्याच दिवशी उचलायचा, नाहीतर सगळी पंगत नासवतो.

तर आज कांदा न घेताच परतलो. पालक, अंबाडी आणि आईंनी घासाघीस करून घेतलेली केरसुणी, एवढीच खरेदी. पिशवी घरची होती; हल्ली बाजारात निम्म्या लोकांकडे ती असते. उरलेल्या निम्म्यांसाठी विक्रेते पातळ पिशव्या बुडाखालून काढतात. राज्यात प्लॅस्टिकबंदी 2018 पासून आहे, असं आठवून दिलं तर भाजीवाल्या मावशी हसून म्हणाल्या, "गिऱ्हाईक पिशवी आणत नाय, मी काय पदरात बांधून देऊ?"

शनिवार

दुपारी ऊन चांगलंच लागलं. नाशकाचं एक बरं आहे, एप्रिलमध्ये दिवसा पारा चाळिशीकडे गेला तरी पहाटे अंगावर चादर घ्यावीशी वाटते. त्यामुळे थंडावा विकत घ्यायच्या आधी पहाटेचा फुकटचा घरात भरून घ्यायचा. सूर्य वर यायच्या आत सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आणि साडेनऊ-दहाला बंद, पश्चिमेकडचे पडदे ओढून. दिवसभर खिडक्या उघड्या टाकून "वारा येतो" म्हणणारी माणसं असतात (आमच्या घरात एक आहे, नाव लिहीत नाही). तो वारा भट्टीचा असतो.

कूलर काढून गवत बदललं. कोरड्या हवेत तो चांगला चालतो, वीजही एसीच्या कितीतरी कमी खातो, फक्त पाणी पितो. मृगाचे ढग आले, हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो. मग नुसता पंखा बरा.

रविवार

गहू गच्चीवर वाळत घातला. दिवसभर कडक ऊन द्यायचं, पण गरम गहू कोठीत भरायचा नाही. रात्रभर घरात पसरून गार झाला की मगच, नाहीतर आत वाफ धरते आणि पोरकिडे होतात. वाळलेला कडुलिंबाचा पाला थराथरात. आई एरंडेलाचा हातही फिरवतात. पाखरं हाकलायची ड्यूटी मुलाकडे दिली होती. त्यानं चिमण्यांसाठी मुद्दाम एक कोपरा सोडला.

गच्चीवर बसल्या बसल्या पावसाच्या पाइपांकडे लक्ष गेलं. दोन तुंबलेत, एकाचं कोपर फुटलंय. आमची गच्ची साधारण 2,000 चौरस फूट, म्हणजे 186 चौरस मीटर. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. एखाद्या रात्री 20 मिलिमीटर झाला तर गळती-उडती धरूनही 3,000 लिटर नक्की. ते सगळं आज गटारात जातं, आणि त्याच आवारातली बोअर मेमध्ये धापा टाकते. पाइप बोअरजवळच्या शोषखड्ड्याकडे वळवायचे, मध्ये वाळू-खडीचा गाळणीखड्डा, आणि पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडायची सोय. त्यात वर्षभराची धूळ आणि कबुतरांची विष्ठा असते.

सेक्रेटरीकाकांना हिशोब दाखवला. "मीटिंगमध्ये मांडू," म्हणाले. मीटिंग जूनमध्ये आहे.

प्लंबरला फोन केला, तर तो म्हणतो, "ताई, मेमध्ये करू ना, अजून लय टाइम आहे." मेमध्ये तो लग्नसराईला गावी जातो आणि पाऊस पडल्यावरच उगवतो. बुधवारी ये म्हणून सांगितलंय, निदान फुटकं कोपर तरी माझ्या पैशानं बदलून घेते. बाकीचं मीटिंगमध्ये.