हनुवटीवरचे तीन ठिपके

18 डिसेंबर 2022, ग्रामपंचायतीचं मतदान. माणदेशातल्या एका शाळेत मी मतदान अधिकारी क्रमांक एक होतो, म्हणजे ओळखपत्र बघायचं, यादीत नाव शोधायचं आणि मोठ्यानं वाचायचं. सरपंच त्या वर्षी पुन्हा थेट जनतेतून. एक मत सरपंचाला, तीन सदस्यांना. चार बटणं दाबेपर्यंत म्हातारी माणसं आतच रेंगाळायची, त्यामुळे रांग काही हलेना.

अकराच्या सुमारास एक आजी आल्या. हातात पॅनेलवाल्यांनी दिलेली चिठ्ठी. ओळखपत्र विचारलं तर म्हणाल्या, "ह्येच की!" ती चिठ्ठी नाव शोधायला ठीक, ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. दोन्ही पॅनेलचे प्रतिनिधी म्हणाले, "गुरुजी, आमचीच म्हातारी हाय." दिवसभरात त्यांचं एकमत झालं ते एवढंच. मतदान कार्ड सापडत नव्हतं, आधार मुलाकडे पुण्याला. केंद्राध्यक्ष म्हणाले, फोटोचं बँक पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, काहीही चालेल, पण घेऊन या. वस्ती दोन-अडीच किलोमीटरवर. आजी काही न बोलता वळल्या. दुपारचा डबा मला गोड लागला नाही, खरं सांगतो.

साडेपाचला पाच मिनिटं असताना त्या परत आल्या. पिशवीत जॉबकार्ड. पाणी लागून फोटो फुगलेला, शेजारी गेलेल्या मालकांचा चेहरा. यादीत नावापुढे 'बाई', कार्डावर नाही. आता मात्र एक प्रतिनिधी उठला, "ह्यो फोटू वळखू येतोय व्हय?" सकाळी 'आमचीच' म्हणणारा हाच! मी कार्ड खिडकीशी नेलं. डोळे, नाक पुसट झालेलं, पण हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, मधला जरा खाली. आजींनी पदर बाजूला केला. तेच तीन, मधला खाली. केंद्राध्यक्षांनी मान डोलावली.

पण तोवर साडेपाच वाजले. फाटक लावलं आणि रांगेत उरलेल्यांना सहीच्या, नंबर घातलेल्या चिठ्ठ्या द्यायला घेतल्या. मागून कुणी घुसू नये म्हणून त्या शेवटच्या माणसापासून वाटतात. कार्ड दाखवून आजी रांगेच्या शेपटाला जाऊन उभ्या राहिलेल्या, म्हणून त्यांना एक नंबर.

सगळे झाल्यावर त्या टेबलाशी आल्या, चिठ्ठी माझ्यासमोर आपटली. "पयला नंबर माझा, आन् समद्यांच्या मागनं मीच?"

मी नाव वाचलं. 'बाई'सकट.