आईला घेऊन ओर्विएतो : दोन दिवसांच्या निवांत ट्रिपचा माझा अनुभव

आई रोमला माझ्याकडे आली तेव्हा पहिले पंधरा दिवस आम्ही रोमच फिरत होतो, आणि तेवढ्यात तिचे गुडघे दुखायला लागले. उजवा जास्त. चढताना ती निभावून नेते पण उतरताना कठडा धरून एकेक पाऊल जपून टाकायचं, आणि मागून माणसं येत असतील तर ती कानकोंडी होते, मग घाई करते आणि मग दुखतं. त्यामुळे ती परत जायच्या आधी एखादा वीकेंड कुठेतरी छोट्याशा गावात निवांत घालवू असं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की या दोन दिवसांत तिला घाई व्हायला नको.

ओर्विएतोचं नाव ऑफिसमधल्या मैत्रिणीनं सुचवलं. रोमच्या उत्तरेला उंब्रियामध्ये, जेमतेम वीस हजार वस्तीचं शहर, आणि जुनं शहर सगळं एका प्रचंड खडकाच्या माथ्यावर वसलेलं. रोमहून रीजनल, म्हणजे साध्या गाडीनं सव्वा तास. वाचता वाचता कळलं की 'चित्तास्लो' म्हणून जी चळवळ आहे, म्हणजे छोट्या शहरांनी आपला संथपणा टिकवून ठेवायचा, तिचं मुख्यालयच तिथे आहे. १९९९ साली ग्रेव्हे इन क्यान्ती या गावाचे त्या वेळचे महापौर पाओलो सातुरनिनी यांच्या पुढाकारानं ती सुरू झाली, सुरुवातीच्या चार गावांत ओर्विएतो होतं, आणि पन्नास हजारांपेक्षा कमी वस्ती असेल तरच त्यात सामील होता येतं. त्यांचं चिन्ह गोगलगाय आहे. मी आईला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "हे बरंय, माझ्याच चालीचं गाव."

मग मी यादी करायला बसले आणि तिथेच गाडी घसरली. दादाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तो म्हणाला अगं एवढ्या लांब आई आलीये तर सगळं बघून घ्या, परत कधी येणार ती. त्याचं चुकीचं नव्हतं, त्याला तिला सगळं दाखवायचं होतं आणि मलाही. त्यामुळे पहिल्या यादीत कॅथेड्रल, जमिनीखालच्या गुहांची टूर, तोर्रे देल मोरोचा मनोरा, सान पात्रिझिओची विहीर, आणि वर रविवारी चिविता दी बान्योरेज्यो नावाचं जवळचं गाव असं सगळं आलं. वेळा घालून बघितल्या तर आईला दोन दिवसांत एकदासुद्धा अर्धा तास सलग बसायला मिळत नव्हतं. ते बघून मला वाईट वाटलं. मी ती शीट बंद केली आणि नवीन केली, त्यात ठिकाणांच्या पुढे वेळ न लिहिता पायऱ्या लिहिल्या.

आणि एकदम चित्र स्पष्ट झालं. मनोरा सत्तेचाळीस मीटर उंच, तो गेला. गुहांच्या टूरमध्ये अरुंद पायऱ्या, तीही गेली. चिविताला बस रविवारी नसते आणि पोचलं तरी शेवटी लांबलचक पूल चढून जावं लागतं, म्हणून तेही गेलं. विहिरीपुढे २४८ लिहिलं आणि प्रश्नचिन्ह ठेवलं, कारण ती मला स्वतःला फार बघायची होती. राहिलं कॅथेड्रल आणि शनिवारचा बाजार. दादाला परत फोन केला, तो थोडा गप्प झाला आणि म्हणाला तिला विचारलंस का. नव्हतं विचारलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला एखादी छान गोष्ट बसून बघायचीये, बाकी तू ठरव." यादीत तेच राहिलं.

राहायचं ठिकाण शोधताना मात्र मी जवळजवळ फसले होते. बुकिंगच्या ॲपवर एक छान स्वस्त खोली दिसली, स्टेशनपासून पाच मिनिटं, कॅथेड्रलचं अंतरही नकाशावर फार नव्हतं. बुक करून टाकली. रात्री सहज सॅटेलाइट व्ह्यू बघितला तर मधे सरळसोट कडा! ओर्विएतो स्कालो म्हणजे स्टेशनच्या बाजूचं खालचं नवीन गाव, आणि जुनं शहर दीडेकशे मीटर वर. नकाशा सपाट असतो, त्याच्यात उंची कळत नाही, हे मला माहीत असून लक्षात आलं नव्हतं. सुदैवानं फ्री कॅन्सलेशन होतं. तुम्ही असल्या डोंगरावरच्या गावात जाणार असाल तर पत्त्यात 'स्कालो' आहे का एवढं नक्की बघा, इटलीत अशा बऱ्याच गावांचं स्टेशन खाली आणि गाव वर असतं.

मग जुन्या शहरात दुओमोपासून, म्हणजे कॅथेड्रलपासून, चार-पाच मिनिटांवर एक घरगुती खोली सापडली. लिफ्ट नव्हती. जुन्या इमारतींना नसतेच, आणि इथे पहिला मजला म्हणजे एक जिना चढून. मी मालकीणबाईंना सरळ मेसेज केला, की रस्त्यावरच्या दारापासून पलंगापर्यंत किती पायऱ्या आहेत आणि कठडा कुठल्या बाजूला आहे. त्यांचं उत्तर आलं : अकरा, चढताना डावीकडे. म्हणजे उतरताना आईच्या उजव्या हाताला, आणि दुखरा गुडघाही उजवाच. मी त्याच मिनिटाला बुक केली. खोलीत छोटी शेगडी होती हे तर बोनसच, कारण इथली हॉटेलं रात्री साडेसातच्या आधी उघडत नाहीत आणि आईला सातला जेवायची सवय. डाळ-तांदूळ मी घरून बांधून घेतले. पासपोर्ट मात्र ओरिजिनल न्यायला विसरू नका, राहणाऱ्या प्रत्येकाची माहिती पोलिसांकडे कळवावी लागते हा इथला नियम आहे.

तिकिटं मी मुद्दाम रीजनल गाडीची आणि कागदी काढली. थोडी वेगवान गाडीही मिळते पण तिला ठरावीक वेळ आणि सीट, आणि मला परतीची वेळ मोकळी हवी होती. रीजनलच्या कागदी तिकिटावर सीट नंबर नसतो, त्या दिवसाच्या कुठल्याही रीजनल गाडीत चालतं, फक्त चढायच्या आधी फलाटावरच्या मशीनमध्ये त्याच्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड. आणि एक, तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनात या बाजूच्या गाड्या पुष्कळदा '१ एस्त', '२ एस्त' या फलाटांवरून सुटतात, तिथवर चालायलाच भरपूर वेळ जातो. आम्ही तिबुर्तिना या रोमच्याच दुसऱ्या स्टेशनाहून चढलो, तिथे लिफ्टनं थेट फलाटावर. सामान म्हणजे माझ्या पाठीवर एक सॅक. जुन्या शहरात दगडी फरसबंदी आहे, ट्रॉली बॅग ओढायचं मनातसुद्धा आणू नका.

शनिवारी सकाळी निघालो, ऑक्टोबरचा मध्य, उन्हात बरं वाटेल अशी हवा. स्टेशनच्या बाहेर पडलं की समोरच फुनिकुलार. १८८८ मध्ये हा उतारावरचा डबा पाण्याच्या वजनावर चालायचा, म्हणजे वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली येताना खालच्याला वर ओढायचा. मधे बरीच वर्षं बंद होता, १९९० पासून विजेवर चालतो. दोन मिनिटांत वर पियात्सा काहेन या चौकात पोचलो आणि तिथून छोटी बस. आईला एकही जिना चढावा लागला नाही. ती बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "संपला चढ?" मी म्हणलं संपला.

बाजार पियात्सा देल पोपोलोमध्ये गुरुवारी आणि शनिवारी सकाळी भरतो, दुपारी एकपर्यंत गुंडाळतात, म्हणूनच मी शुक्रवार सोडून शनिवार धरला होता. आईनं तिथे दीड तास घालवला. भाजीवाल्यासमोर उभी राहून तिनं घेवड्यासारख्या शेंगा मोडून बघितल्या, त्यानं काही म्हणलं नाही, उलट दुसऱ्या ढिगातल्या कोवळ्या काढून दिल्या. टोमॅटो, शेंगा, एक लिंबू. ती खूश होती. फक्त खाण्याच्या बाबतीत शाकाहारी लोकांसाठी एक सांगते, इथे 'लुमाकेल्ला' नावाची गोगलगायीसारखी वळलेली खारी बनपावासारखी वस्तू सगळीकडे दिसते आणि चीजचीच वाटते पण त्यात डुकराचं मांस असतं, विचारून घ्या. दुपारी आम्ही उम्ब्रिकेल्ली खाल्ली, हाताने वळलेल्या जाड शेवयाच म्हणा, टोमॅटो-लसणीच्या सॉसमध्ये. आईला आवडली. पाव तिला आळणी लागला, तर तो आळणीच असतो, उंब्रियात पावात मीठ घालत नाहीत.

दोन ते चार शहर बंद. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर मांजरं. आम्हीही झोपलो.

साडेचारला दुओमो. ही वेळ मी ठरवून ठेवली होती आणि पूर्ण ट्रिपमध्ये घड्याळ लावून गाठलेली ही एवढीच. कॅथेड्रलचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणजे सकाळी गेलात तर दर्शनी भाग सावलीत असतो, आणि रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे आपल्याला आत जाता येत नाही. म्हणून शनिवारची संध्याकाळ. आधी आत गेलो. १२९० मध्ये पायाभरणी झालेली ही इमारत, पांढऱ्या आणि काळ्या दगडांचे आडवे पट्टे भिंतींवर, खांबांवर, सगळीकडे. उजवीकडच्या सान ब्रिझिओ चॅपेलमध्ये लुका सिन्योरेल्लीनं १४९९ ते १५०४ या काळात काढलेली भित्तिचित्रं आहेत, जगाचा शेवट होतोय आणि मेलेले लोक उठतायत. आईला मी फक्त एवढंच सांगितलं. एका भिंतीवर पांढुरकी जमीन आहे आणि त्यातून माणसं वर येतायत, जशी पाण्यातून बाहेर पडावीत तशी दोन्ही हात जमिनीवर रेटून, कुणी कमरेपर्यंत बाहेर, कुणाची नुसती कवटी वर आलेली, एक जण स्वतः बाहेर येऊन दुसऱ्याला ओढतोय. आई बसून बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "उठताना सगळ्यांना हात टेकावाच लागतोय बघ." मी ते चित्र फोटोत शंभरदा बघितलं असेल, मला ते दिसलं नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा ऊन समोरून पडलं होतं. चौकात समोरच्या बाजूला दगडी बाक आहे, तिथे बसलो. दर्शनी भागावरच्या मोझॅइकचं सोनं अक्षरशः पेटलं. खालच्या खांबांवर लोरेंझो मायतानी या शिल्पकार-वास्तुकाराच्या काळातलं कोरीवकाम आहे आणि त्याची मजा अशी की ते माणसाच्या उंचीपासूनच सुरू होतं, वर कुठे चढायला लागत नाही. आई दोनदा उठून जवळ जाऊन आली. झोपलेल्या आदमच्या बरगडीला देव हात घालतोय तिथे ती थांबली आणि मला खूण करून बोलावलं. कोपऱ्यावर एक जुना घड्याळाचा मनोरा आहे, त्याच्यावर ब्राँझचा माणूस तास झाले की घंटेवर हातोडा मारतो. त्यानं सहा ठोके मारले तेव्हा आम्ही तिथेच होतो. साडेसहाच्या सुमारास ऊन गेलं तेव्हाही तिथेच. मग अकरा पायऱ्या चढून खोलीवर, शेंगांची भाजी, खिचडी, लिंबू.

रविवारी काहीच ठरवलं नव्हतं. नाश्त्याला आईनंच विषय काढला, "ती तुझी विहीर राहिली की. तू जाऊन ये, मी वर बसते." विहीर फुनिकुलारच्या वरच्या स्टेशनाजवळच आहे आणि शेजारी जुन्या किल्ल्याची बाग, त्यामुळे हे जमण्यासारखं होतं. एका बाकावर तिला ऊन बघून बसवलं, शाल दिली, पाण्याची बाटली दिली.

ही विहीर पोप क्लेमेंट सातवे यांनी बांधायला घेतली. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा ते इथे आश्रयाला आले होते आणि वेढा पडला तर पाण्याचं काय ही चिंता होती. आन्तोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकारानं ती आखली, पूर्ण झाली १५३७ मध्ये, तोवर क्लेमेंट जाऊन तीन वर्षं झाली होती. त्रेपन्न मीटर खोल, तेरा मीटर रुंद, आणि आत एकमेकांभोवती फिरणारे दोन गोल जिने, एक उतरायचा आणि एक चढायचा, ते मधे कुठेही भेटत नाहीत. पाणी आणणारी खेचरं समोरासमोर यायला नकोत म्हणून. पायऱ्या त्यामुळे रुंद आणि बुटक्या आहेत. मधल्या भिंतीत सत्तर खिडक्या, त्यातून वरचा उजेड झिरपतो आणि जसजसं खाली जाऊ तसा हिरवट होत जातो, हवा गार होते. तळाशी छोटा पूल आहे, त्यावर उभं राहून वर बघितलं तर आकाश थाळीएवढं. मला आईला हे दाखवायचं होतं असं तिथे फार वाटलं. फोटो काढले, पाण्याचा आवाज रेकॉर्ड केला, आणि दुसऱ्या जिन्यानं हळूहळू वर आले, तिच्यासारखी, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, बघायला की तिला जमलं असतं का. साठ-सत्तर पायऱ्यांनंतर कळलं की नसतं जमलं.

वर आले तर आई बाकावर बसल्या बसल्या झोपली होती. शाल एका खांद्यावरून घसरलेली, हातात बाटली तशीच, खाली दरीत पाल्या नदी आणि तिच्या पलीकडे द्राक्षांचे मळे. आमची ठरवलेली गाडी पंचवीस मिनिटांत होती. पुढची दीड-दोन तासांनी. तिकिटं माझ्या खिशात होती, शिक्का मारायचा होता अजून.

शाल नीट केली आणि तिच्या शेजारी बसले.