सोनेरी कॅनोपीचा रंग ठरवताना

एफ-१६ विमानाची छायाचित्रे समोर ठेवून त्याचे स्केल मॉडेल करणारा माणूस कॅनोपीपाशी, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक घुमटापाशी, आला की बहुधा एकच विचार करतो: फोटोत काच सोनेरी दिसते, तेव्हा आपणही पारदर्शक पिवळा रंग घ्यावा, त्यात थोडा नारिंगी मिसळावा आणि फवारून मोकळे व्हावे. अशा रीतीने रंगवलेली मॉडेले पुष्कळ पाहण्यात येतात. पॅनेलच्या रेषा, इंजिनाच्या नळीवरची काजळी, चाकांवरचा मळ हे सगळे मन लावून केलेले असते, पण पाहणाऱ्याची नजर त्या केशरी घुमटावर अडकते आणि खाली बसलेला वैमानिक दिसतच नाही. माझ्या मते यात दोष हाताचा नसून फोटो वाचण्याच्या पद्धतीचा आहे. फोटोत जो सोनेरी रंग दिसतो तो बहुतांशी काचेवरून परत आलेल्या आकाशाच्या उजेडाचा असतो, आणि आपल्या बाटलीतला पारदर्शक रंग मात्र फक्त काचेतून आरपार जाणाऱ्या उजेडावर काम करतो.

मुळात हा लेप लावला जातो कशासाठी, हे पाहिले म्हणजे मुद्दा उलगडतो. लढाऊ विमानाचे कॉकपिट हा रडारच्या दृष्टीने मोठा अडचणीचा भाग असतो. रडारच्या लहरी साध्या पारदर्शक कॅनोपीतून सहज आत शिरतात, आसन, उपकरणे, वैमानिकाचे शिरस्त्राण अशा असंख्य कोपऱ्यांवर आपटतात आणि त्यांतला बराच भाग पाठवणाऱ्या रडारकडेच परत जातो. कॅनोपीवर विद्युतवाहक पदार्थाचा अतिशय पातळ थर दिला की लहरी आत न शिरता कॅनोपीच्या गोलाईवरून भलत्याच दिशेला फेकल्या जातात. एफ-१६ च्या बाबतीत ‘हॅव ग्लास’ या कार्यक्रमात असा थर देण्यात आला आणि त्यासाठी इंडियम टिन ऑक्साइड वापरले गेले. त्याआधीच्या सुरुवातीच्या विमानांच्या कॅनोप्या स्वच्छ पारदर्शक होत्या. ईए-६बी प्राउलर या अमेरिकी विमानात कारण वेगळे होते. त्या विमानाचे कामच शत्रूची रडारे निकामी करण्यासाठी जोरदार लहरी सोडण्याचे होते आणि त्या लहरींपासून आतल्या चौघांचे रक्षण व्हावे म्हणून काचेत सोन्याचा थर होता. आपल्या हवाई दलातील राफेलच्या कॅनोपीवरही सोन्याचाच लेप आहे. २९ जुलै २०२० रोजी पहिली पाच राफेल अंबाल्याला उतरली, त्या वेळच्या छायाचित्रांनी आपल्याकडच्या कितीतरी मॉडेलकारांना सोनेरी कॅनोपीच्या नादाला लावले.

सोन्याचा पातळ थर पिवळा आणि तांबडा उजेड परत फेकतो आणि निळसर हिरवा उजेड आरपार जाऊ देतो. म्हणजे एकच काच बाहेरून, आकाशाच्या कोनात, सोनेरी दिसते. तीच उजेडाकडे धरून तिच्यातून पाहिले तर किंचित हिरवट वाटते. पैठणच्या विणकरांना हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. पैठणीच्या धूपछाव पोतात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, आणि पदर हलला की कधी हा, कधी तो रंग वर येतो. तो पदर एकाच रंगात रंगवून दाखवा असे चित्रकाराला सांगितले तर त्याची जी पंचाईत होईल तीच आपली होते. म्हणून कॅनोपी रंगवताना ‘कोणता रंग’ या प्रश्नाआधी ‘किती उजेड आरपार जायला हवा’ हा प्रश्न सोडवावा, असे माझे मत आहे.

हा दुसरा प्रश्न आकड्यांत मांडता येतो, आणि त्यासाठी मोटारीच्या काचा उपयोगी पडतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली तीही याच नियमाच्या आधारे. त्यामुळे ७० टक्क्यांची काच आणि ५० टक्क्यांची काच कशी दिसते याचा अंदाज आपल्या डोळ्यांना असतो. आता मॉडेलचा हिशेब करू. खोलीतला उजेड कॅनोपीतून आत जातो, आसनावर पडतो आणि पुन्हा त्याच कॅनोपीतून आपल्या डोळ्यांपर्यंत येतो, म्हणजे त्याला दोनदा गाळणीतून जावे लागते. कॅनोपी ७० टक्क्यांची असेल तर कॉकपिट मूळच्या ४९ टक्के उजळ दिसते. ५० टक्क्यांची असेल तर अवघे २५ टक्के. खऱ्या विमानावर भर दुपारचे ऊन असते, आपल्या कपाटात एखादा एलईडी दिवा. मॉडेलचा टिंट, म्हणजे काचेवरची रंगछटा, खऱ्यापेक्षा फिका ठेवावा लागतो तो याच कारणाने, आणि १/७२ या लहान मापात तो १/४८ पेक्षाही फिका ठेवावा, कारण लहान कॉकपिटमधले बारकावे मुळातच कमी दिसतात.

मी साधारण ७० ते ७५ टक्के उजेड आरपार जाईल अशा बेताने थांबतो. हे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. किटमधल्या पारदर्शक सांगाड्याला बहुतेक वेळा एखादी सपाट पट्टी किंवा न लागणारा सुटा भाग असतो. त्यावर एक, दोन, तीन, चार हात असे टप्पे फवारून घ्यावेत आणि मोबाइलमधल्या लक्स मोजणाऱ्या ॲपने उघड्या सेन्सरवरचा व रंगवलेल्या पट्टीखालचा आकडा यांचे गुणोत्तर काढावे. एका हातातून ९० टक्के उजेड जात असेल तर तीन हातांनंतर सुमारे ७३ आणि चार हातांनंतर ६६ टक्के उरतो, कारण प्रत्येक हात आधीच्या उरलेल्या उजेडातून कापतो. हे गुणाकाराचे गणित लक्षात आले की ‘अजून एक हात देऊन पाहू’ हा मोह आवरता येतो. आकडा जमल्यावर तीच पट्टी रंगवून पूर्ण झालेल्या कॉकपिटवर आडवी धरून खिडकीजवळ पाहावी आणि शेवटचा निर्णय डोळ्यांनी करावा.

रंगाच्या मिश्रणाबद्दल त्यामानाने थोडेच सांगण्यासारखे आहे. तामिया या जपानी कंपनीचा एक्स-१९ स्मोक हा पारदर्शक रंग मुळातच थोडा तपकिरीकडे झुकणारा असल्याने एफ-१६ साठी तोच पाया धरावा आणि त्यात एक्स-२४ क्लिअर यलो अगदी बेताने, स्मोकच्या चौथ्या हिश्शापासून सुरुवात करून, मिसळावा. हा पिवळा फार जोरकस आहे. थेंब मोजूनच टाकावा. प्राउलरसाठी पिवळ्याचे प्रमाण वाढवून एक्स-२६ क्लिअर ऑरेंजचा जेमतेम स्पर्श द्यावा, राफेलसाठी स्मोक आणि पिवळा दोन्ही कमी करावेत. परावर्तनाची झाक हवीच असेल तर ग्लॉस वार्निशमध्ये अभ्रकावर आधारित ‘इंटरफेरन्स गोल्ड’ पावडर चिमटीपेक्षाही कमी मिसळून बाहेरून एक हात देता येतो. अंधाऱ्या कॉकपिटवर ती सोनेरी चमकते आणि उजळ पार्श्वभूमीवर जवळजवळ नाहीशी होते, म्हणजे खऱ्या लेपाच्या वागण्याशी तिचे वागणे बरेच जुळते. पण १/७२ मध्ये तिचे कण डोळ्यांना दिसतात, म्हणून त्या मापात मी ती टाळतो. आणि हे सगळे जॅग्वार किंवा मिग-२१ साठी अजिबात करू नये. त्या कॅनोप्या साध्या पारदर्शकच आहेत.

आता परभणीतल्या हवेविषयी, कारण मराठवाड्यात हे काम करणाऱ्याला परदेशी मार्गदर्शनपर व्हिडिओ अर्धेच उपयोगी पडतात. जगात जर्मनी, भारतात परभणी असे आम्ही अभिमानाने म्हणत असलो तरी जर्मन एअरब्रश (रंग फवारण्याचे साधन) सोडाच, पारदर्शक रंगाची बाटलीदेखील इथे दुकानात मिळत नाही आणि सगळे बाहेरून मागवावे लागते. ते आल्यावर पहिला मोह होतो तो कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातले एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर वापरण्याचा. त्यातली तीव्र द्रावके पॉलिस्टायरिन विरघळवतात आणि पारदर्शक भागावर बारीक तड्यांचे जाळे उमटते. ते पुन्हा निघत नाही. रंग बनवणाऱ्या कंपनीचे थिनर किंवा मिस्टर कलरचे लेव्हलिंग थिनर वापरावे आणि तेही हलक्या हातांत.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की फवारलेला थेंब प्लास्टिकवर पोहोचण्याआधीच अर्धा सुकतो आणि गुळगुळीत थराऐवजी खरखरीत पूड बसते. अपारदर्शक रंगात हा दोष एक वेळ लपतो, पारदर्शकात तो धुक्यासारखा दिसतो. यावर उपाय म्हणजे भल्या पहाटे काम करणे, रंग एकास चार इतका पातळ करणे आणि सुकण्याचा वेग कमी करणारे रिटार्डर दोन-चार थेंब घालणे. दाब १५ पीएसआयच्या आसपास ठेवावा. कॉम्प्रेसरला टाकी असली तर बरे, म्हणजे हात अर्ध्यावर असताना वीज गेली तरी तो पूर्ण करता येतो. पावसाळ्यात उलटा त्रास होतो: दमट हवेत लॅकर पांढुरके पडते, म्हणून सततची झड लागली की मी कॅनोपीला हात लावत नाही.

कोरड्या हवेचा दुसरा उपद्रव स्थिर विजेचा. पारदर्शक प्लास्टिक फडक्याने पुसले की त्यावर विद्युतभार येतो आणि काळ्या मातीची धूळ, कपड्यांचे तंतू, कापसाच्या हंगामात हवेत उडणारे बारीक धागे, जे काही असेल ते येऊन चिकटते. म्हणून कोरडे पुसणे बंद करून भाग साबणाच्या पाण्यात धुवावा; मात्र बोअरच्या जड पाण्यातले क्षार सुकल्यावर पांढरे डाग सोडतात, तेव्हा शेवटची विसळणी बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने करावी. धुतल्यावर भाग झाकणाच्या डब्यात सुकवावा, आणि रंगाचा प्रत्येक हात दिल्यावरही तो त्याच डब्यात परत जावा. फरशीवर आधी पाणी शिंपडले तर उडणारी धूळ बरीच खाली बसते.

रंग आतून द्यावा की बाहेरून, यावर मॉडेलकारांत कायमचा वाद आहे. आतून दिला तर हाताळणीत ओरखडे येत नाहीत हे खरे. पण एफ-१६ सारख्या खोल घुमटाच्या आत फवारा उलटून येतो, रंग तळाशी साचतो आणि मधोमध गडद पट्टा तयार होतो. बाहेरून दिलेला रंग समान बसतो आणि वर ग्लॉसचा थर देऊन पॉलिशही करता येतो, म्हणून एकसंध घुमटासाठी मी बाहेरूनच देतो. प्राउलरसारख्या अनेक चौकटींच्या कॅनोपीवर मात्र चौकटी रंगवताना टेप पुन्हा पुन्हा लावावा लागतो आणि तो निघताना टिंटही उचलला जाण्याचा धोका असतो. तिथे आतली बाजू बरी. कोणतीही बाजू निवडली तरी घुमटाच्या मधोमध साच्याच्या जोडाची रेघ असेल तर ती आधी काढावी लागते. खरखरीतपासून अतिबारीकपर्यंत पॉलिश पेपर ओल्याने फिरवत जावेत आणि शेवटी पॉलिश कंपाउंडने पारदर्शकता परत आणावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही, कारण टिंट दिल्यावर राहिलेला प्रत्येक ओरखडा अधिक उठून दिसतो.

चौकट रंगवताना बाहेरून आधी कॉकपिटच्या आतला रंग आणि त्यावर विमानाचा रंग असा क्रम ठेवावा, म्हणजे काचेतून आतली बाजू योग्य रंगाची दिसते. टिंट पूर्ण कडक होण्याआधी टेप लावू नये. स्पर्शाला कोरडा लागणे पुरेसे नसते, काही दिवस जाऊ द्यावेत.

टिंट देण्याचे ठरले की त्याचा परिणाम कॉकपिटवरही करून घ्यावा लागतो. एफ-१६ चे कॉकपिट एफएस ३६२३१ (अमेरिकी सरकारी रंगमानकातला क्रमांक) या राखाडी छटेत असते. तो रंग बाटलीतून जसाच्या तसा वापरला तर रंगीत काचेखाली तो जवळजवळ काळा दिसतो. मी त्यात पांढरा मिसळून तो बराच उजळ करतो, आसनाचे पट्टे फिकट ठेवतो आणि उपकरणांच्या कडांवर ड्राय ब्रश, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेला कुंचला, नेहमीपेक्षा जोरात फिरवतो. उघड्या डोळ्यांना ते भडक वाटते, कॅनोपी बसली की बरोबर दिसते.

कॅनोपी चिकटवताना फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद वापरावा, कारण सुपरग्लूची वाफ आतल्या बाजूवर पांढरी धुकट साय आणते. उघडी कॅनोपी दाखवायची असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. १/७२ च्या किटमधला पारदर्शक भाग एक मिलिमीटर जाड असेल तर खऱ्या मापात ती जाडी ७२ मिलिमीटर होते, आणि खरी कॅनोपी त्याच्या जवळपासही जाड नसते. उघडी कड ही जाडी लगेच उघडी पाडते, म्हणून कडेला सीलंटच्या गडद रंगाची बारीक रेघ द्यावी. एफ-१६ ची कॅनोपी मागच्या बिजागरीवर वर उचलली जाते आणि तेव्हा कॉकपिट थेट दिसते, उजेडाला दोनदा गाळले जाण्याचा प्रश्न उरत नाही. अशा मॉडेलवर टिंट ६० टक्केच उजेड आरपार जाईल इतका गडद केला तरी चालतो, कॉकपिटचा राखाडी रंगही मग मुद्दाम उजळ करावा लागत नाही.