ओरखडा चालेल, कड जाता कामा नये

सोमवार, रात्र

दिवा डोक्यावर असला की रोज वापरातलं घड्याळ नवंच दिसतं. तोच दिवा टेबलावर घेऊन घड्याळाच्या पातळीला आडवा धरला की सगळं उघडं पडतं. बकलवर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं, चेनच्या मधल्या कड्यांवर आडवे चरे, सहाच्या बाजूच्या लगवर, म्हणजे चेन जिथे अडकते त्या शिंगासारख्या टोकावर, मोहरीएवढा पोचा. समोर आहे ते ट्यूडरचं ब्लॅक बे फिफ्टी-एट, ३९ मिलिमीटरचं, २०१८ साली आलेलं मॉडेल. ओरखडे समजून घ्यायला हे घड्याळ फार चांगलं, कारण एकाच केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचावर, तीन तऱ्हांचं काम आहे. लगचा वरचा भाग ब्रश केलेला, म्हणजे बारीक समांतर रेघा दिलेला, केसची बाजू आरशासारखी पॉलिश, आणि या दोहोंच्या मधून लगच्या कडेने जाणारी तिरकी तासलेली पट्टी, तीही पॉलिश. बेझलमध्ये, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यात, अॅल्युमिनियमची रंगीत चकती वेगळीच. प्रत्येकीवरच्या ओरखड्याचा इलाज वेगळा आहे, आणि एकीचा इलाज दुसरीवर केला की नुकसान होतं.

भिंगातून, दहापट मोठं करून, बकलवरचा एक खोल चरा बघितला की नांगरलेलं शेत आठवतं. सरी पडते तेव्हा माती नाहीशी होत नाही, दोन्ही बाजूंना वरंबा होऊन वर येते. ओरखड्याचंही बरंचसं तसंच आहे. पोलाद थोडं सरकलेलं असतं, गेलेलं फार कमी असतं. पॉलिश करणारा मात्र वरंबा परत सरीत ढकलत नाही. तो अख्खं शेत सरीच्या तळापर्यंत खाली उतरवतो, तेव्हा कुठे ती रेघ दिसेनाशी होते. म्हणजे ओरखड्याने धातू जवळजवळ तसाच राहतो आणि पॉलिशने कायमचा जातो. या घड्याळाच्या बाबतीत जे काही ठरवायचं ते एवढ्यावरून ठरवावं असं मला मनापासून वाटतं.

मंगळवार

ओरखडे नक्की कशाने पडतात, यावर थोडं. घड्याळातलं ३१६एल जातीचं पोलाद विकर्स या कडकपणाच्या मापात साधारण १५० ते २०० भरतं. क्वार्ट्झ, म्हणजे वाळूतला आणि रस्त्याच्या धुळीतला चमकता कण, हजाराच्या पुढे जातो. त्यामुळे शर्टाच्या टोकाने कोरडं घड्याळ पुसणं ही सगळ्यात वाईट सवय. कापड पोलादाचं काही करत नाही, कापड आणि पोलाद यांच्यामध्ये अडकलेली धूळ करते. पॉलिश केलेल्या बाजूवर दिसणाऱ्या गोल गोल रेघा बहुतेक याच पुसण्याच्या असतात.

रोलेक्स वापरतं ते ९०४एल पोलाद ओरखड्यांना दाद देत नाही असा पक्का समज आहे. तो खरा नाही. ९०४एलमध्ये क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम जास्त, त्यामुळे खारट पाणी, घाम, आम्ल यांच्यापुढे ते उत्तम टिकतं आणि चमकही छान घेतं. कडकपणात मात्र दोन्ही आसपासच आहेत.

घरातल्या वस्तूंकडे या नजरेने बघितलं तर बरंच कळतं. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा पोलादाला सहज ओरखडतो, कारण त्यात क्वार्ट्झ असतं. जुन्या घरातला कडप्पा चुनखडीच्या जातीचा, त्यामानाने मऊ. पितळी किल्ली पोलादावर घासली तर बऱ्याचदा किल्लीचंच पिवळं पितळ घड्याळाला लागतं आणि ते पुसून निघतं. लॅपटॉपच्या अॅल्युमिनियमच्या कडेवर अॅनोडाइझ केलेला ऑक्साइडचा थर असतो, तो पोलादापेक्षा कडक. बकल सतत त्यावर टेकलं की खालची बाजू धूसर होते. त्यावर उपाय साधा आहे, टायपिंग करताना मनगटाखाली रुमाल.

बांगड्यांचा हिशेब उलटसुलट आहे. बावीस कॅरेटची पाटली पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे एका हातात दोन्ही घातली तर घड्याळच पाटलीचं सोनं खातं. काचेची बांगडी मात्र पोलादापेक्षा कडक, आणि हिऱ्याच्या बांगडीपुढे घड्याळाची सफायर काचसुद्धा टिकत नाही. लोकल गाडीत दांडा धरायचा तर घड्याळ नसलेल्या हाताने. पोलादावर पोलाद घासून पडणारे ते लांब चरे लगवर आले तर काढणं फार अवघड.

बुधवार

काच. सफायरची काच साधारण २००० विकर्स, म्हणजे रोजच्या जगात तिला ओरखडणाऱ्या गोष्टी मोजक्याच. तरी अनेकदा त्यावर करडी रेघ दिसते आणि काळजात धस्स होतं. आधी नखाचं टोक रेघेवरून आडवं फिरवायचं. नख अडकत नसेल तर बऱ्याच वेळा ती काचेला लागलेली दुसऱ्याच धातूची रेघ असते. काच इतकी कडक की दाराची कडी किंवा रेलिंग स्वतःच तिच्यावर झिजतं आणि पेन्सिलसारखी खूण सोडतं. शाळेतलं पांढरं मऊ खोडरबर घ्यायचं, त्या रेघेवर वीस-पंचवीस वेळा घासायचं. रबराचा चुरा आधी पांढरा पडतो, मग करडा, आणि करडा व्हायला लागला की समजायचं, काच शाबूत आहे. सिरॅमिकच्या बेझलवरही हेच चालतं.

रबराने रेघ गेली नाही, नखालाही लागत नाही आणि काच तिरकी केल्यावर तेवढ्याच जागी निळसर-जांभळी झाक तुटलेली दिसते, तर ओरखडा काचेवर नसून तिच्या बाहेरच्या चकाकीविरोधी लेपावर आहे. तो लेप घरी दुरुस्त होत नाही. खरा ओरखडा असेल तर हिऱ्याची पेस्ट लागते, आणि तिने घासताना काचेची गोलाई बिघडून खालचे आकडे वाकडे दिसू शकतात. अशा वेळी काच बदलणंच चांगलं.

अॅक्रिलिकची गोष्ट अगदी निराळी. घराघरांतली एचएमटी जनता, किंवा नासाने १९६५ मध्ये मान्य केलेली ओमेगा स्पीडमास्टर, ज्यात हेसलाइट नावाची अॅक्रिलिकचीच काच असते. ही काच पटकन ओरखडते, पण घरी पूर्ववतही होते. काचेभोवती चिकटपट्टी लावायची, वाटाण्याएवढी पॉलीवॉच पेस्ट घ्यायची आणि सुती कापडाने ओरखड्याला आडवं, दोन-तीन मिनिटं घासायचं. गरज पडली तर पुन्हा एकदा. साध्या पांढऱ्या टूथपेस्टनेही काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो आणि चमक थोडी मंद येते. सफायरवर यातलं काहीच चालत नाही, नुसते हात दुखतात.

शुक्रवार

आज धुण्याचा दिवस. महिन्यातून एकदा पुरे, उन्हाळ्यात किंवा समुद्रावर जाणं झालं तर लगेच. कोकणातल्या किनाऱ्यावरची वाळू चेनच्या कड्यांमध्ये बसली की घाम आणि तेलात मिसळून तिची खरड तयार होते. ती बाहेरून दिसत नाही. आत मात्र पिना आणि कड्यांची भोकं झिजवत राहते आणि काही वर्षांनी चेन सैल होऊन लोंबायला लागते. लोक म्हणतात चेन ताणली. खरं तर ती आतून खाल्लेली असते.

क्राउन, म्हणजे बाजूची चावी, पूर्ण आत स्क्रू केला आहे ना, हे दोनदा बघायचं. वाटीभर कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विड सोपचे दोन-तीन थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश. गरम पाणी नको, त्याने गास्केट, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, फुगतं-आखडतं आणि पाणी आत जायला वाट मिळते. आधी नळाखाली धूळ वाहू द्यायची, मगच ब्रश. उलटं केलं तर ब्रशच धूळ घासत बसतो. कड्यांच्या मधे, बकलच्या आत, बेझलच्या दात्यांमध्ये. शेवटी साध्या पाण्याने धुऊन मायक्रोफायबरच्या कापडाने टिपायचं, घासायचं नाही. पाण्याच्या दाबाची चाचणी होऊन दोनेक वर्षं उलटली असतील तर घड्याळ बुडवायचंच नाही. चेन काढून फक्त ती धुवायची.

चेन काढताना लगच्या आतल्या बाजूला आणि पाठीवर कॅप्टॉन टेपचे (पातळ, पिवळसर चिकटपट्टीचे) तुकडे लावावेत. ते नाही लावले तर स्प्रिंग बार, म्हणजे चेन अडकवणारी स्प्रिंगची पिन, काढायचं हत्यार सटकून लगच्या मागे जे ओरखडे पाडतं, ते भिंगात बघवत नाहीत.

रविवार, सकाळ

बकल. घरी हात लावायला माझ्या मते घड्याळातला हा एकच भाग योग्य. सर्वांत जास्त मार तोच खातो, त्याचा पत्रा सपाट आणि ब्रश केलेला असतो, आणि अगदीच बिघडला तर नवं बकल मिळतं. लग नवे मिळत नाहीत, ते केसचाच भाग आहेत.

आधी भिंगाने कारखान्यातल्या ब्रशच्या रेघांची दिशा बघायची. त्या एकाच दिशेला, अगदी समांतर असतात. बकलच्या पॉलिश केलेल्या बाजूंवर टेपचे दोन थर, कड बरोबर कडेला जुळवून. टेप अर्धा मिलिमीटर जरी आत राहिली तरी कडेवर धूसर पट्टी उमटते.

स्कॉच-ब्राइटचं करडं पॅड, क्रमांक ७४४८, आधी. ते फारच बारीक पडलं तर विटकरी, ७४४७. भांड्यांची हिरवी घासणी नको. तिच्या रेघा जाड आणि वेड्यावाकड्या येतात, त्या बुजवायला परत धातूच काढावा लागतो. राख, रांगोळी, पितांबरी यांचंही इथे काम नाही. पॅडची दोन बोटं रुंद पट्टी एका सपाट खोडरबरावर घट्ट गुंडाळायची, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. नुसत्या बोटाने घासलं तर मध्ये खळगा येतो.

आता पट्टी बकलच्या एका टोकाबाहेर ठेवायची, दुसऱ्या टोकाबाहेरपर्यंत एकाच ओढीत न्यायची, उचलायची, परत सुरुवातीला आणायची. मागे-पुढे अजिबात नाही. मागे-पुढे केलं की वळणाच्या जागी रेघेला आकडा येतो, आणि असे पन्नास आकडे मिळून दोन्ही टोकांना धुरकट डाग दिसतो. फक्त ओरखडा आहे तेवढ्याच जागी घासणं ही दुसरी चूक, त्याने तेवढाच चौकोन वेगळा चमकतो. दाब हलका, पोळीवर तूप फिरवताना असतो तेवढा. सहा ओढी झाल्या की थांबून आडव्या दिव्यात बघायचं. बारीक जाळं इथेच जातं. खोल चरा जात नाही, पण त्याच्यावरून समांतर रेघा गेल्याने तो नजरेत भरत नाही. एवढं झालं की थांबायचं. चरा मुळापासून काढायचा हट्ट धरला की बकलचा पत्रा पातळ होतो.

पॉलिश भागासाठी केप कॉडचं ओलसर कापड. टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा पुरतो. हातात नायट्राइलचे मोजे, अर्धा-एक मिनिट हलकं घासणं, कापड काळं पडतं, मग कोरड्या कापडाने उजळणं. यानेही अगदी थोडा धातू जातोच, म्हणून वर्षातून एक-दोनदाच. ब्रश केलेल्या भागावर हे कापड चुकून लागलं तर तिथे चमकता डाग पडतो. सोन्याचा मुलामा असलेल्या घड्याळावर तर कधीच वापरू नये. मुलामा ५, १० किंवा २० मायक्रॉनचा असतो, आणि कडेवर तो आधीच पातळ झालेला असतो. काळ्या लेपाच्या घड्याळांचंही तेच.

बेझलच्या अॅल्युमिनियम चकतीवर घासायचं काहीच नाही. रंग वरच्या थरात असतो, घासलं की खालची चांदीसारखी धातू दिसते. फारच खटकलं तर चकती बदलून मिळते.

रविवार, रात्र

लगवरच्या पोच्याकडे परत एकदा बघितलं. तो काढायचा तर लगचा अख्खा वरचा भाग खाली आणावा लागेल, मग उजवा-डावा सारखा दिसावा म्हणून समोरचाही, आणि मधली ती तिरकी पट्टी अरुंद होत जाईल. दोन-तीनदा असं झालं की पट्टी नाहीशीच होते आणि लग साबणाच्या वडीसारखे गोल होतात. वापरलेली घड्याळं बघताना हीच जागा आधी बघावी. तीक्ष्ण पट्टी असलेलं, ओरखड्यांनी भरलेलं घड्याळ जाणकार जास्त किमतीला घेतात.

ओळखीच्या सोनाराकडे मशीनवर एक हात मारून घ्यावा, असं सुचवणारे बरेच भेटतात. त्यांचा हेतू चांगला, पण सोनाराचं बफ मऊ कापडाचं असतं, ते कडेवरून वळतं आणि कड गोल करतं. घड्याळाच्या केसला लॅपिंग लागतं, म्हणजे सपाट फिरत्या चकतीवर केसची एकेक बाजू ठरलेल्या कोनात टेकवायची. शिवाय घड्याळाच्या आतलं मशीन, काच, गास्केट आधी बाहेर काढलेलं हवं, नाहीतर पॉलिशची पेस्ट क्राउनच्या वाटेने आत शिरते. खोल पोचा भरून काढायचा तर चांगल्या कार्यशाळेत लेझर वेल्डिंगने त्याच जातीचा धातू आधी भरतात आणि मग लॅपिंग करतात. महाग आहे, पण धातू कमी न होता पोचा जाण्याचा हाच रस्ता.

घड्याळ सर्व्हिसला देताना पॉलिश बऱ्याच ठिकाणी पॅकेजमध्येच धरलेलं असतं, न विचारता होतं. म्हणून पावतीवर काय लिहून घ्यायचं ते आजच लिहून ठेवतो:

"केस, लग व बेझल पॉलिश करू नये. बकल फक्त ब्रश करावं. गास्केट बदलून पाण्याच्या दाबाची चाचणी करावी. काढलेले जुने भाग शक्य असल्यास परत द्यावेत."

सोबत चारही लगचे फोटो, आडव्या दिव्यात, तिरकी पट्टी स्पष्ट दिसेल असे. पोचा असलेल्या लगचा फोटो दोन कोनांतून घेतला आहे.