स्कॅन केलं की झालं ना?

“मॅडम, अजून चाललंय? स्कॅन करून ड्राइव्हवर टाकलं की झालं ना!” स्टाफरूममध्ये, लग्नात, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, हा प्रश्न मला कुठेही गाठतो. मी तालुक्याच्या गावातल्या छोट्या कॉलेजची ग्रंथपाल. कॉलेजचे जुने फोटो आणि प्राध्यापकांचं लेखन डिजिटल स्वरूपात जतन करायचं काम माझ्याकडे आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

स्कॅनिंग सोपंच आहे. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) टिफ या तपशील न गमावणाऱ्या फॉरमॅटमध्ये घेतला की पंचवीसेक एमबीची फाइल होते. ती मूळ म्हणून ठेवायची, दाखवायला तिच्यातून छोटी जेपेग काढायची. ‘कमवा व शिका’तली मुलं हे झकास करतात. कटकट एकच, चिकट पानांचे अल्बम. फोटो ओढून काढायला जावं तर फाटतो, म्हणून अख्खं पानच स्कॅन करायचं.

घोडं पेंड खातं ते पुढे. समोर स्नेहसंमेलनाचा फोटो आहे. मधे हार घातलेले पाहुणे, शेजारी प्राचार्य, मागे मुलांची दाटी. साल लिहिलेली पाटी नाही, पाठीमागे नुसता स्टुडिओचा शिक्का. कोण, कधी, कशाच्या निमित्तानं, एवढी नोंद नसेल तर तो फोटो शोधून कुणाला सापडणार नाही. आणि हे सांगणारी माणसं आता मोजकीच उरलीत. त्यात सगळ्यात पक्के आमचे निवृत्त शिपाईमामा. प्राध्यापक मंडळी फोटोत आधी स्वतःला शोधतात. मामा खुर्च्या बघतात. “ह्या लोखंडी खुर्च्या नवा हॉल झाल्यावर आल्या. त्याआधी लाकडी होत्या.” झालं, साल दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात आलं. मग त्या वर्षांचे वार्षिक अंक काढून अहवालात पाहुण्यांचं नाव हुडकायचं. सापडेपर्यंत नोंदीत ‘ऐकीव माहिती’ असंच लिहिते.

लेखनाची तऱ्हा वेगळी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९च्या नियमांनंतर पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जायला लागले. पण मराठीच्या सरांनी मुलांना गावोगाव धाडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या, भूगोल विभागानं केलेली विहिरींची पाहणी, हे वार्षिक अंकांत आणि सायक्लोस्टाइल केलेल्या पुस्तिकांतच पडून आहे. माझं विचाराल तर फोटोंच्या आधी हे वाचवायला हवं. पण देणगी मिळते फोटोंना. त्यांत देणगीदार दिसतो ना!

नंतरचं लेखन कॉम्प्युटरवर टाइप केलेलं, म्हणून सोपं वाटेल. पण ते युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेताच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहे. आज फाइल उघडली की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. कन्व्हर्टर वापरला तरी जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. छापील पानांचं ओसीआर केलं, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून घेतली, तर ‘ख’चा ‘रव’ होतो आणि ‘घ’चा ‘ध’. तुम्ही ‘घर’ शोधाल, आत ‘धर’ बसलेलं असेल.

ड्राइव्हचं म्हणाल, तर ते कुणाच्या तरी ईमेलला बांधलेलं असतं. तो माणूस निवृत्त झाला, पासवर्ड हरवला, की बसा हात चोळत. म्हणून आम्ही डीस्पेस हे संस्थेचा डिजिटल संग्रह सांभाळायचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं. शिवाय सगळ्याच्या तीन प्रती, त्यांतली एक गावाबाहेर.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ला दुरुस्ती झाल्यापासून फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, तेही बघावं लागतं. पण मला जास्त विचार पडतो तो माणसांचा. संमेलनात नाचलेली मुलगी आज आजी असेल. तिला तो फोटो चारचौघांत नको असेल, तर आम्ही तो संग्रहात ठेवतो, बाहेर दाखवत नाही. त्यासाठी तिला कारण विचारत नाही.

आणि हो, मूळ अल्बम रद्दीत जाणार नाहीत. तुमच्या घरी आमच्या कॉलेजचा ग्रुप फोटो असेल तर घेऊन या, स्कॅन करून लगेच परत देते. मागे नावं लिहिणार असाल तर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे चेहऱ्यावर उमटतो.